काहिलीतली डबल बेल

पुण्याला येण्याबद्दल दादामियाँनी आपलं मत दिलं होतं ते ‘बघू’ असं, आणि ते देऊनही आठवडा उलटला होता. सबिहाची रजा संपत आली होती. तिने वडिलांचे कपडे, औषधं आणि स्वेटर एका पिशवीत भरून ठेवले होते. पिशवी दाराजवळच्या खुर्चीखाली होती आणि खुर्चीवर दादामियाँ होते. पिशवी भरताना त्यांनी अडवलं नव्हतं, हातभारही लावला नव्हता.

सबिहाची आई, नसीमबी, उन्हाळ्यात गेल्या. आता ऊसतोड सुरू झाली होती, आणि मधल्या सगळ्या काळात दादामियाँ ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘बघू’ एवढ्यावर भागवत होते. एरवी हा माणूस उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला. त्यांचा आवाज पुढच्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत एका दमात जाई. निवृत्त झाल्यावरसुद्धा घरात कुणी उंबऱ्यावर रेंगाळलं की ‘दारात थांबू नका, आत सरका’ असं म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मयतीच्या दिवशी उंबऱ्यावर माणसं दाटीवाटीने उभी होती आणि ते काहीच बोलले नव्हते. त्या दिवसातलं सबिहाच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

त्यांना ओढून न्यायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. त्यांनी तोंडाने ‘व्हय’ म्हणावं, मग न्यावं. आणि ‘न्हाय’ म्हणाले, तर निदान का ते सांगावं. मुका माणूस रिकाम्या घरात सोडून जायची मात्र तिची तयारी नव्हती.

या आठवड्यात तिने घर आवरलं. सगळं सापडलं, आईचा अडकित्ता तेवढा सापडला नाही. पितळी, मोराच्या आकाराचा, नसीमबीच्या उशाशी कायम असायचा. सबिहाला आईची एवढी एकच वस्तू हवी होती. तिने डबे, उशा, गाद्यांच्या घड्या, सगळं पाहिलं. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, बघू.

सबिहाचा नवरा समद शनिवारी पुण्याहून आला. समद स्वभावाने चांगला होता, फक्त स्वस्त वस्तू दिसली की त्याचा विवेक सुटत असे. बसमध्ये बसल्या बसल्या त्याला मोबाइलवर एक जाहिरात सापडली होती. जंगलभ्रमंती, रिव्हर राफ्टिंग, पक्षीनिरीक्षण, गावरान जेवणासह, आणि सगळं मिळून इतक्या कमी दरात की पुण्यात तेवढ्यात दोन मसाला डोसे आले असते. ठिकाण तेरजवळ, तेरणेच्या काठी. त्याने तिथल्या तिथे नावं नोंदवून टाकली होती.

सबिहा म्हणाली की तिचं बालपण याच जिल्ह्यात गेलं आहे. तेरणा नदीत ती एकदा क्रिकेट खेळली आहे, पण राफ्टिंग कुणी केल्याचं तिच्या ऐकण्यात नाही. समद म्हणाला, यंदा पाऊस किती झालाय बघितलंस ना? धरण काठोकाठ आहे. मग तो सासऱ्यांकडे वळला आणि आवाज चढवून, जणू ते बहिरे झाले आहेत अशा बेताने, विचारलं, “अब्बा, पक्षी बघायला येता का?”

दादामियाँनी पायांनी चपला चाचपल्या. याला होकार मानायचं ठरलं.

रविवारी तेरच्या एसटीत दादामियाँ सीटवर बसायला तयार नव्हते. जागा असूनही ते मागे दांडीला धरून उभे राहिले. शेवटी गाडीची कंडक्टर, एक तरुण मुलगी, म्हणाली, “आजोबा, बसून घ्या ना, ब्रेक लागला तर पडताल.” तेव्हा ते बसले, आणि तेर येईपर्यंत खिडकीबाहेर न बघता त्या मुलीच्या हातांकडे बघत राहिले.

स्टँडवर कृष्णराज ट्रॅक्टर घेऊन आला होता. पंचविशीचा, गॉगल लावलेला. जाहिरातीतला ‘संस्थापक, संचालक आणि गाइड’ तोच. ट्रॉलीत एक बाई आधीच बसल्या होत्या. लातूरच्या महेश्वरीताई, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात स्वतःची दुर्बीण. पक्ष्यांच्या मागे त्या आसामपर्यंत जाऊन आल्या होत्या. इथे त्या निळकंठीसाठी आल्या होत्या. चिमणीएवढा पक्षी, थंडीपुरता परदेशातून येतो आणि चिखलातल्या लव्हाळ्यात असा दडतो की शोधणाऱ्याचा हिवाळा संपतो. तीन हिवाळे त्याने त्यांना चकवलं होतं.

“माझी एकच विनंती आहे,” महेश्वरीताई म्हणाल्या. “पाण्यावर कुणी बोलायचं नाही.”

समदने सासऱ्यांकडे बोट करून सांगितलं की त्यांची काही काळजीच नको.

जंगल म्हणजे वेड्या बाभळीचं रान निघालं. ट्रॅक्टर त्यातून गेला तेव्हा समदचा शर्ट बाहीपासून खिशापर्यंत उसवला. तो म्हणाला, हे जंगल आहे का? कृष्णराज म्हणाला, “आत शिरला की भाईर पडाया येतंय का, दाजी? मग जंगलच की.”

काठावर पाणी खरोखरच विस्तीर्ण होतं. बगळे होते, शेकाटे होते, दूर पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. आणि काठाला, दोरीने बाभळीला बांधलेली, राफ्ट होती. ती लोखंडाची होती, गोल होती, आतून काळीकुळकुळीत होती, आणि तिला उचलायच्या कड्या होत्या.

“ही काहील आहे,” सबिहा म्हणाली. “गुऱ्हाळातली. गुळाची.”

“बराबर,” कृष्णराज म्हणाला. “आमच्या बाब्या काकाची हाय. पूर आला की सारा गाव ह्यातनंच पैलतीरी जातंय, ताई. माझा जन्म झाला तवा माझी आय ह्यातच बसून दवाखान्यात गेलती. तुमच्या रबराच्या बोटीला काटा लागला की संपलं. हिला काय हुतंय?”

समदने राफ्टिंग या शब्दावरून वाद घालून बघितला. पण आपणच शोधलेल्या गोष्टीला फार नावं ठेवणं त्याला जमेना. बुडू नये म्हणून गळ्यात तेलाचे रिकामे, पसरट झाकणांचे डबे बांधून चौघे काहिलीत बसले, पाचवा कृष्णराज वेळू घेऊन उभा राहिला.

काहिलीला पुढचं टोक नसतं, त्यामुळे तिला पुढे जायचं कारण नसतं. वेळू रेटला की ती थोडी सरके आणि मग निवांत स्वतःभोवती फिरे. पक्षी एका जागी बसलेले असत, निरीक्षक फिरत असत. महेश्वरीताईंना लव्हाळं दिसे, मग धरणाची भिंत, मग समद, मग पुन्हा लव्हाळं. दादामियाँ मांडी घालून स्थिर बसले होते. सबिहाने त्यांना विचारलं, बरं वाटतंय का. ते म्हणाले, “व्हय.” हा शब्द तिला चांगलाच ओळखीचा झाला होता.

अशा फिरत्या अवस्थेत काहील पाण्याच्या मध्यावर आली, तेव्हा काठावर एक धोतरवाला माणूस आणि त्याच्या मागे एक बाई अवतरली. ते बब्रुवान, म्हणजे कृष्णराजचे बाब्या काका, आणि त्यांची बायको दगडाबाई. बब्रुवान त्या दिवशी बेंबळीला लग्नाला जाणार, गुऱ्हाळ बंद राहणार, या भरवशावर पुतण्याने काहील आणली होती. ती चुलत्याला विचारून आणली होती का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण लग्न सकाळचंच होतं. अक्षता टाकून, जेवून बब्रुवान परत आले. कालचा तोडलेला ऊस वाळत पडलेला बघवेना म्हणून त्यांनी चरक सुरू केला. रसाची टाकी भरली, चुलवाण पेटलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की चुलवाणावर फक्त आभाळ आहे.

“किस्न्या,” पाण्यावरून आवाज आला, “रस आंबतुया तिकडं. माझी काहील आन.”

कृष्णराजने गॉगल काढला. घाईघाईने त्याने वेळू खोल रोवला आणि अंगातलं सगळं बळ लावून रेटा दिला. वेळू चिखलात रुतला, काहील निघाली, आणि कृष्णराज वेळूला धरून मागेच राहिला. तो थोडा वेळ तसाच लोंबला. मग वेळू हळूहळू वाकला आणि त्याने कृष्णराजला छातीभर पाण्यात उतरवून ठेवलं. तिथून तो चालत काठाला गेला. मात्र चुलता ज्या काठावर होता, त्याच्या विरुद्ध काठाला.

काहिलीत चौघे उरले आणि वल्हवायला काहीच उरलं नाही. वाऱ्याने काहील लव्हाळ्याकडे ढकलत नेली. आणि नेमकं त्याच वेळी महेश्वरीताईंचा हात वर गेला.

“आहे,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. “समोर आहे. कुणी श्वास घेऊ नका.”

लव्हाळ्याच्या मुळाशी काहीतरी हललं. एक निळा ठिपका दिसला न दिसला. महेश्वरीताई दुर्बिणीसकट पुढे झुकल्या. सबिहा झुकली. समदला वाटलं, याचा व्हिडिओ झाला तर पैसे वसूल, म्हणून तो मोबाइल घेऊन सरळ उभाच राहिला. काहील त्या बाजूला कलली आणि काठावरून पाणी आत यायला लागलं.

“ओ, उभं ऱ्हायलेलं, खाली बसा.”

आवाज पुढच्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत गेला. पाण्यावरून तो पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि बाभळीतून परत आला. बगळे उठले, शेकाटे उठले, पाणकावळे अर्धवट वाळलेल्या पंखांनी उठले. लव्हाळ्यातला निळा ठिपका कुठे गेला ते कळलंच नाही.

“एका बाजूला गर्दी करू नका, गाडी कलंडती,” दादामियाँ म्हणत होते. “बाई, तुमी उजव्या अंगाला सरका. दुर्बीण मांडीवर घ्या. मोबाइलवालं, डाव्या अंगाला. सबी, तू मधी. आत सरका, आत सरका, काठावर कुणी बसू नका.”

सगळे आत सरकले. काहील सावरली. महेश्वरीताईंनी दादामियाँकडे असं पाहिलं की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना ते ओळखीचं वाटलं असतं. सबिहाने डोळे पुसले. सगळ्यांच्याच तोंडावर पाणी उडालं होतं, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दादामियाँ थांबले नव्हते. त्यांनी डब्यांची झाकणं काढायला लावली, एकेक प्रत्येकाच्या हातात दिलं, आणि कुणी कुठल्या बाजूने पाणी ओढायचं ते सांगितलं. सुरुवातीला प्रत्येकजण आपापल्या सवडीने ओढत होता आणि काहील पुन्हा गरगरायला लागली. तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला, काहीतरी काढलं आणि काहिलीच्या काठावर एक टोला दिला. लोखंड घणघणलं.

“ही एक बेल. एकीला थांबायचं. दोनीला निघायचं. ध्यानात ठिवा.”

त्यांच्या हातात मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता.

सबिहा त्याच्याकडे बघत राहिली. वडील सुपारी खात नव्हते, कधीच नाही. उलट नसीमबींनी सुपारी कातरायला घेतली की उठून बाहेर जात. तिने विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दोन टोले पडले आणि तिला झाकण मारावं लागलं.

डबल बेलवर काहील निघाली. पाणी ओढायचं, एक टोला, थांबायचं, काहील किती फिरली ते बघायचं, दोन टोले, पुन्हा. धावती एसटी जशी प्रत्येक फाट्याला थांबत जाते तशी ती काठाला आली.

बब्रुवान कडी धरायला गुडघाभर पाण्यात उतरले होते, पण कडी धरायच्या आधी त्यांनी माणूस धरला.

“ह्या आवाजाला म्या नरकात सुदीक वळखीन,” ते म्हणाले. “तेर गाडीचा कंडक्टर.”

“बब्रुवान,” दादामियाँ म्हणाले. “ढेपावालं.”

दोघांची ओळख जुनी होती आणि वाईट होती. पण आधी काहील. तिच्यात चिखल होता, शेवाळ होतं, लव्हाळ्याची मुळं होती आणि समदची एक चप्पल होती. दगडाबाईंनी राख आणि काथ्या समोर ठेवला आणि कुणाकडेही न बघता सांगितलं की जेवण काहील चढल्यावर. जेवणासह म्हणजे काय, ते समदला तेव्हा कळलं. चौघांनी काहील घासली. कृष्णराजही लांबचा वळसा घालून, ओल्या कपड्यांनी, मान खाली घालून येऊन घासायला बसला. घासता घासता बब्रुवान आणि दादामियाँ यांचं भांडण सुरू झालं, ते अनेक वर्षांपूर्वी थांबलं होतं तिथूनच.

बब्रुवानचं म्हणणं, या माणसाने आपल्याला गुळाच्या ढेपा टपावर टाकायला लावल्या. दादामियाँचं म्हणणं, सीट माणसाची असते, ढेपेची नसते. बब्रुवान म्हणाले, आभाळ आलेलं दिसत होतं. दादामियाँ म्हणाले, आभाळाला नियम लागू नसतो, ढेपेला असतो.

“मग पाऊस आला न्हवं का,” बब्रुवान सगळ्यांना सांगू लागले. “ढोकीपतुर गाडीच्या काचांवरनं काकवी वघळत हुती. पोरं खिडकीतनं जिभा भाईर काढून बसली. माझा माल, आन् सारी गाडी चाटती.”

“आन् माझा गणवेश?” दादामियाँ म्हणाले. “मुंग्या लागल्या त्याला. आमच्या बायकुनं तीनदा धुतला, तरी घरातनं मुंग्या जाईनात. तुमाला लई शिव्या घातल्या तिनं. नाव म्हाईत न्हवतं, तर ढेपावाला म्हणून घालायची. परवा परवापतुर घरात मुंगी दिसली की म्हणायची, आला तुमचा ढेपावाला.”

बब्रुवान मोठ्याने हसले. “बऱ्या हैत का वैनी?”

दादामियाँनी काथ्याला थोडी राख लावली.

“न्हाय,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात गेली.”

सबिहाचा हात थांबला. घरी भेटायला येणाऱ्या कुणालाही त्यांनी हे वाक्य म्हटलं नव्हतं. ते नेहमी तिलाच म्हणावं लागे.

बब्रुवाननी स्वतः एक काथ्या उचलला. मग म्हणाले, “तळ नीट घासा. तळाशीच करपतंय.” आणि दगडाबाई आत जाऊन कालची काकवी पेल्यात घेऊन आल्या आणि तो पेला त्यांनी आधी दादामियाँच्या पुढे ठेवला.

काहील चढली. रस ओतला, तो आंबायच्या बेतात होता पण आंबला नव्हता. मळी वर आली, ती काढली. लांब दांड्याचं फावडं पाळीपाळीने फिरवायचं होतं. समदच्या हाताला फोड आले आणि त्याला ते फोटोत दिसावेत असं वाटलं. भाकरी, आमटी, ठेचा जेवून सगळे चुलवाणाच्या उबेला बसले असताना महेश्वरीताई एकट्याच मागे, काहील धुतलेलं पाणी जिथे साचलं होतं, तिकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या अजून कुणाशी बोलत नव्हत्या. मग त्यांनी हळूच हात वर केला. उसाच्या कडेला, त्या चिखलात, निळ्या गळ्याचा एक छोटा पक्षी टुणटुणत होता. चुलवाणाची, फावड्याची, नियमांवरून परत पेटलेल्या भांडणाची त्याला काही फिकीर नव्हती. दादामियाँ तावातावाने बोलत होते आणि निळकंठी शेपटी उडवत किडे टिपत होती. महेश्वरीताईंनी दुर्बीण लावली आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही.

त्या दिवशीच्या गुळाला तेरणेचा किंचित वास आला. हा माल बाजारात नेऊन नाव घालवायचं नाही म्हणून बब्रुवाननी तो पाहुण्यांना वाटून टाकला. आणि निघताना पुतण्याला एक अट घातली. इथून पुढे रविवारी काहील न्यायची तर न्यायची, पण तिच्यात हा कंडक्टर बसलेला पाहिजे. हा माणूस वाईट आहे, पावसात ढेपा भिजवणारा आहे, पण वेळेवर निघतो आणि वेळेवर पोहोचतो.

“चाचा, जमंल का?” कृष्णराजने विचारलं.

सबिहाने श्वास धरला. दादामियाँ म्हणाले, “बघू.” पण म्हणताना त्यांनी काहिलीभोवती एक फेरी मारली आणि किती माणसं कशी बसतील ते बोटाने मोजलं.

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीखाली पिशवी रिकामी होती. कपडे परत कपाटात होते. दादामियाँनी चहा केला होता आणि त्यात तो वासाचा गूळ घातला होता.

“सबी, म्या काय पुण्याला येत न्हाय,” ते म्हणाले. “रविवारची ड्युटी हाय. आन् ती मास्तरीणबाई लातूरनं तिच्या जुन्या कालिजातली पोरं घिऊन यायची हाय. त्यांना कोण बसवणार? तो बाब्या बसवणार का?”

‘न्हाय’ आलं होतं आणि कारणासकट आलं होतं. एवढंच तिने मागितलं होतं. ते मिळालं, आणि तिने समोरचा चहा प्यायला. चहाला चिखलाचा वास होता.

ते दोघांना पोहोचवायला स्टँडवर आले. गाडी लागलेली होती, ड्रायव्हर जागेवर होता, इंजिन सुरू होतं. कंडक्टर नोंद करायला कंट्रोलरच्या खिडकीशी गेला होता आणि समद दोन दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्यांचे भाव ताडून बघायला गेला होता. सबिहा बॅग घेऊन चढली आणि दारातच वळून उभी राहिली. तिला अडकित्त्याचं विचारायचं होतं. नको, मागायचा नव्हता. तो त्यांनाच लागणार, हे काल काहिलीतच ठरलं होतं. फक्त सुपारी खात नसताना तो खिशात का, एवढं विचारावंसं वाटत होतं. उत्तर तिला माहीत होतं, तरी.

“अब्बा,” ती म्हणाली.

दादामियाँ तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पुढच्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत गेला.

“दारात थांबू नको. आत सरक.”

ती आत सरकली. त्यांनी बाहेरून दार लावलं, खिशात हात घातला आणि सवयीने गाडीच्या पत्र्यावर अडकित्त्याचे दोन टोले दिले.

गाडी निघाली.

ड्रायव्हर जुना होता, त्याने डबल बेल ऐकली आणि गिअर टाकला. मागे धुळीत समद दोन्ही हातांत बाटल्या घेऊन धावत होता, त्याच्या पुढे गाडीचा खरा कंडक्टर धावत होता, आणि दादामियाँ दोघांना मोठमोठ्याने सूचना देत होते. गाडी थांबवायला एकच टोला लागतो, हे सबिहाला माहीत होतं. पण अडकित्ता तिच्याजवळ नव्हता.